थोरलीचा राजीनामा

सगळं नीट पार पडलं, म्हणून आज त्या घरात ही गोष्ट हसत सांगितली जाते. पण त्या अकरा दिवसांत धाकटीला मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा एक भोक आत घ्यावा लागला होता, हेही सांगायला हवं.

दोघी जावा. एकाच इमारतीत राहायच्या. थोरली तिसऱ्या मजल्यावर सासूबाईंना घेऊन, धाकटी दुसऱ्यावर. सकाळचं ज्याचं त्याचं, संध्याकाळचं जेवण मात्र वर, सगळ्यांचं मिळून. थोरलीचा नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत होता आणि महिन्यातले तीन आठवडे बाहेरगावी असायचा. धाकटीचा नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि घरी आल्यावर शक्यतो कुणाला काही शिकवायचा नाही, म्हणून तो सगळ्यांचा लाडका होता.

नोकरीलाही दोघी एकाच ठिकाणी होत्या. जिची ॲप्स निम्म्या जगाच्या फोनमध्ये असतात अशी ती अवाढव्य कंपनी, अकरा हजार माणसं, काचेच्या दोन इमारती. तिथं एका आडनावाच्या दोघी जावा आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

थोरली सतरा वर्षं मदतीची पानं लिहीत होती. म्हणजे असं, की पासवर्ड विसरला, फोन अडला, फोटो दिसेनासे झाले, की माणूस ‘मदत’ लिहिलेलं बटण दाबतो आणि समोर चार ओळी येतात. त्या ओळी कुणीतरी बसून लिहिलेल्या असतात हे कुणाच्या डोक्यात येत नाही. त्या थोरली लिहायची. ‘घाबरू नका, तुमचे फोटो कुठेही गेलेले नाहीत’ हे वाक्य तिचं. ते कोट्यवधी लोकांनी वाचलं होतं आणि त्यांतल्या एकालाही ती माहीत नव्हती. तिला त्याचं काही वाटायचं नाही. वाक्य सरळ आहे ना, माणसाला कळलं ना, मग झालं, असा तिचा खाक्या.

धाकटी प्रवेश विभागात. नवा माणूस आला की त्याचं खातं उघडायचं, दाराचं कार्ड चालू करायचं. माणूस सोडून गेला की दोन्ही बंद करायचं. “मी दारवानच आहे, फक्त खुर्ची बरी मिळालीय,” असं ती म्हणायची. ही नोकरी तिला सहा वर्षांपूर्वी थोरलीनंच मिळवून दिली होती. नुसतं नाव सुचवून थांबली नव्हती. मुलाखतीच्या आधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी समोर बसवून प्रश्न विचारले होते, आणि उत्तर गुळमुळीत आलं की “पुन्हा सांग, सरळ सांग” म्हणून छळलं होतं. त्या पंधरा दिवसांपासून धाकटी तिला ‘वहिनी’ सोडून ‘ताई’ म्हणायला लागली.

तर एका सोमवारी धाकटीला तिच्या साहेबांनी बोलावलं. या साहेबांना विभागात सगळे मिनिटसाहेब म्हणायचे. “तुमच्याकडे चार मिनिटं आहेत का?” असं विचारून ते माणसाचा तास खायचे. त्या दिवशी त्यांनी खिडकी नसलेल्या खोलीत नेलं, एका कागदावर सही घेतली आणि मग सांगितलं. पुढच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता कंपनी एक हजार एकशे चाळीस माणसांना कमी करणार. पत्रं दहाला पाच कमी असताना जातील. बरोबर दहाला सगळ्यांची खाती एकदम बंद झाली पाहिजेत. एकेक करत बसलं तर दिवस जाईल, तेव्हा त्यासाठी लागणारा प्रोग्राम धाकटीनं लिहायचा, तपासायचा आणि गुरुवारी स्वतः चालवायचा. तोवर कुणाशी अक्षरही बोलायचं नाही.

“कुणाशी म्हणजे घरीसुद्धा नाही,” मिनिटसाहेब म्हणाले. “बाहेर फुटलं तर पहिलं नाव तुमचं.”

जागेवर येऊन तिनं यादी उघडली. आधी तिनं नावं वाचायची नाहीत असं ठरवलं होतं, नुसते आकडे तपासायचे. पण डोळ्यांना कोण आवरणार. लिफ्टमध्ये रोज ‘सुप्रभात’ म्हणणारा उंच माणूस यादीत होता. तिला खुर्चीचा स्क्रू घट्ट करून देणारी मुलगी होती. आणि सहाशे बाराव्या ओळीत थोरली होती.

धाकटीनं ती ओळ तीनदा वाचली. नाव, क्रमांक, विभाग, सतरा वर्षं. शेवटच्या रकान्यात नोकरी गेल्यावर काय मिळणार ते होतं. सतरा वर्षांच्या मानानं बऱ्यापैकी मोठी रक्कम, आणि घरच्या सगळ्यांचा आरोग्य विमा पुढचं वर्षभर चालू. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन महिन्यांवर आलं होतं, ते याच विम्यावर होणार होतं.

ती तशीच उठून साहेबांकडे गेली.

“सर, यादीत माझी जाऊ आहे.”

मिनिटसाहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते. “अरे बापरे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “हे बघा, मी तुम्हाला आत्ता या कामातून काढलं तर का काढलं हे मला वर सांगावं लागेल. मग तुम्हाला गुरुवारपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठवतील. तुम्ही घरी बसलात तर तुमच्या जाऊबाईंना ते न सांगता कळेल. त्यापेक्षा तुम्ही गप्प राहा, मीही गप्प राहतो.”

“पण...”

“तुमचं नाव यादीत नाही, मी बघितलंय. तेवढं समाधान माना.”

समाधान कसलं! त्या दिवसापासून धाकटीच्या तोंडाची चव गेली. संध्याकाळी वर जेवायला बसलं की समोर थोरली, आणि थोरलीकडे बघितलं की सहाशे बारावी ओळ. मग ती तिच्याकडे बघेचना. भाजी वाढताना भांड्याकडे बघायची, बोलताना भिंतीकडे. उगाचच थोरलीच्या हातातलं काम काढून घ्यायची, “तुम्ही बसा ताई, मी करते.” नवऱ्यानं दोनदा विचारलं, “पोट बिघडलंय का?” तिनं हो म्हटलं. मग तो रोज तिच्यासाठी मऊ भात करून ठेवायला लागला, आणि तो मऊ भात खाताना तिला आणखीच रडू यायचं.

सहा दिवस असे गेले. तिनं मनाची समजूत घातली होती: गुरुवार येईल, पत्र जाईल, ताईला धक्का बसेल, मग आपण सगळे मिळून तिला सावरू. पण रविवारी संध्याकाळी भलतंच झालं. सगळे टेबलाभोवती मटार सोलत बसले असताना थोरली सहज म्हणाली,

“मी उद्या राजीनामा देतेय.”

धाकटीच्या हातातली शेंग खाली पडली.

“कोण आजारी आहे?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि कानातलं यंत्र त्या बहुतेक वेळा पर्समध्ये ठेवत.

“आजारी नाही आई, राजीनामा. नोकरी सोडतेय.”

“मग एवढ्या हळू काय सांगतेस,” सासूबाई म्हणाल्या.

थोरलीनं सगळं सांगितलं. गेलं दीड वर्ष मदतीची पानं यंत्रच लिहीत होतं. तिनं फक्त वाचायची आणि बरोबरची खूण करायची. दिवसाला दोनशे पानं, दोनशे खुणा. “परवा त्यानं लिहिलं होतं, ‘फोन हरवल्यास त्याच फोनवरून आम्हाला कळवा.’ मी ते खोडलं. तर वरून विचारणा आली की तुमचा वेग कमी का झाला.” तिनं हातातल्या शेंगा बाजूला सारल्या. “सकाळी उठले की अंगात शिसं भरल्यासारखं होतं. मला नाही करायचं आता.”

आणि दुसरी नोकरी हातात होती. सासूबाईंना कानाचं यंत्र घेतलं तेव्हा त्याबरोबर आलेली पुस्तिका इतकी किचकट होती, की थोरलीनं ती सगळी बाजूला ठेवून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत आठ ओळी लिहून दिल्या होत्या. तो पुठ्ठा कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बघितला, त्याची नक्कल मागून घेतली, ती फिरत फिरत यंत्रं बनवणाऱ्या लहानशा कारखान्यात पोचली, आणि तिथल्या मालकीणबाईंनी फोन केला. आमच्या सगळ्या पुस्तिका अशाच लिहून द्याल का? पगार थोडा कमी, पण काम लिहिण्याचं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं. कंपनीला महिनाभर आधी कळवावं लागतं, म्हणजे उद्याचा सोमवार हा शेवटचा दिवस.

“वहिनी, फार छान झालं,” धाकटीचा नवरा म्हणाला. सासूबाईंनीही मान डोलावली.

धाकटी मात्र टेबलाखाली वाकून शेंग शोधत होती, आणि ती शेंग काही केल्या तिला सापडत नव्हती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उद्या राजीनामा दिला तर ताई ‘स्वतःहून सोडणारी’ ठरणार, यादीतून नाव निघणार, आणि शेवटच्या रकान्यातलं सगळं वाऱ्यावर जाणार. रक्कम गेली, विमा गेला. तेच तिनं फक्त गुरुवारपर्यंत कळ काढली तर सगळं मिळणार, आणि शिवाय महिनाभर वाट न बघता लगेच मोकळी. तीन दिवसांचा प्रश्न. आणि तेच सांगायची चोरी.

“एवढी घाई काय आहे?” टेबलाखालूनच तिनं विचारलं.

“घाई? सतरा वर्षांनी?” थोरली म्हणाली.

सोमवारी सकाळी बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, “ताई, पत्र लिहिलंय का? मला दाखवा ना.” थोरलीनं फोनवर दाखवलं. चार ओळींचं पत्र होतं, स्वच्छ, नेटकं, एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही असं. धाकटीनं ते बसचे तीन थांबे येईपर्यंत वाचलं.

“मला जरा खटकतंय,” ती म्हणाली.

“काय खटकतंय?”

“म्हणजे... दुसरी ओळ.”

“काय आहे दुसऱ्या ओळीत?”

“जरा कोरडी वाटते. आणि पहिलीसुद्धा. सतरा वर्षं काढलीत तुम्ही, असं चिठ्ठी लिहिल्यासारखं कसं द्यायचं? दोन दिवस घ्या, नीट लिहा.”

थोरलीनं फोन परत घेतला आणि तिच्याकडे बराच वेळ बघितलं. धाकटी खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर एका दुकानाचं शटर अर्धं उघडलेलं होतं, एवढंच तिला आठवतं. थोरलीनं फोन पिशवीत ठेवला. त्या दिवशी पत्र गेलं नाही, हे धाकटीला संध्याकाळी कळलं. “तू म्हणालीस म्हणून परत लिहायला घेतलं,” थोरली म्हणाली. धाकटीला वाटलं, आपण जिंकलो.

मंगळवारी तिनं पाठदुखीचं सोंग काढलं. सासूबाईंना कानाच्या तपासणीला न्यायचं होतं आणि पाळी धाकटीची होती. “मला उठवतच नाहीये ताई, तुम्ही जाल का?” थोरली अर्धा दिवस रजा टाकून गेली. ती गेल्यावर धाकटी कामावर पोचली, दिवसभर प्रोग्राम तपासला, खोट्या नावांची पन्नास खाती उघडून बंद करून बघितली, आणि संध्याकाळी घरी येताना जिना कण्हत चढली. वरच्या मजल्यावरून सासूबाई म्हणाल्या, “सकाळी उजव्या बाजूला दुखत होतं ना? आता डाव्या बाजूला हात लावून चालतेयस.” त्यांना कमी ऐकू यायचं, दिसायचं नव्हे.

बुधवारी मात्र धाकटीच्या पोतडीत काही उरलं नाही. नऊला दोघी आपापल्या मजल्यावर गेल्या. अकराच्या सुमारास धाकटीला राहवेना. ती लिफ्ट सोडून जिन्यानं चार मजले चढली. थोरलीच्या जागेवर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. आजूबाजूची माणसं कानात बोंडं घालून आपापल्या पडद्यांकडे बघत होती. थोरलीच्या पडद्यावर पत्र होतं. चार ओळींचं, सोमवारचंच. वर पत्ता घातलेला. फक्त पाठवायचं बाकी.

“ताई,” धाकटी म्हणाली.

थोरलीनं मान वर केली.

“ताई, मला तुम्हाला...” तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. जाऊ दे नोकरी. जिनं मिळवून दिली तिच्यासाठीच जाऊ दे. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच थोरलीनं हात वर केला, शाळेतल्या बाई वर्ग गप्प करताना करतात तसा.

“बोलू नकोस,” थोरली हळूच म्हणाली. “एक शब्द बोलू नकोस. आधी बस.”

धाकटी बाजूच्या खुर्चीत बसली. थोरलीनं ते पत्र तिच्यादेखत बंद केलं.

“आता फक्त ऐक. मी तुला काही विचारत नाहीये आणि तू मला काही सांगत नाहीयेस. दहा दिवस झाले, तू माझ्याकडे बघत नाहीस. सहा वर्षांत माझ्या लिखाणात एक चूक काढली नाहीस आणि सोमवारी चार ओळींत दोन काढल्यास. काल पाठ दुखत होती, आज चार मजले चढून आलीस. आणि तू कामाला कुठल्या विभागात आहेस हे मला माहीत आहे. तेव्हा मी आपलं आपण ठरवलंय, की राजीनामा शुक्रवारी द्यायचा. मला शुक्रवार आवडतो.”

“पण एक तारीख...” धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

“काल कानाच्या दवाखान्यातून कारखान्याला फोन केला. म्हटलं, चार दिवस इकडे तिकडे झाले तर चालेल का? त्या बाई हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं लोकांना न कळणाऱ्या पुस्तिका देतोय, अजून चार दिवस दिल्या तर काय बिघडतंय.”

एवढं सोपं होतं ते. धाकटीनं पाठ दुखवून घेतली, बसमध्ये खोटं बोलली, सासूबाईंसमोर लंगडली, आणि प्रश्न एका फोनवर सुटण्यासारखा होता. तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थोरलीनं खणातून रुमाल काढून दिला.

“मग हे पत्र आज उघडून का ठेवलं होतंत?” तिनं नाक पुसत विचारलं.

“शुक्रवारची तारीख घालत होते. मला काय माहीत तू धावत येशील.” थोरली उठली. “चल, चहा घेऊ. तुझा चेहरा बघवत नाही मला.”

दहा दिवसांत पहिल्यांदा त्या दुपारी धाकटीला भूक लागली. तिनं दोन अंडी, पाव, वर एक केळं खाल्लं, आणि मग पुन्हा पाव घेतला. संध्याकाळी नवऱ्यानं पुढं केलेला मऊ भात तिनं हातानं बाजूला केला आणि म्हणाली, “पोट सुधारलं.”

गुरुवार उजाडला. तो दिवस हलका नव्हता आणि ती तसं कधी सांगतही नाही. दहाला पाच कमी असताना मजल्यावर फोन वाजू लागले, कुठं कुठं खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. बरोबर दहाला तिनं प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर ओळी धावू लागल्या, प्रत्येक नावापुढं ‘बंद’. पाचशेच्या पुढं गेल्यावर तिनं नजर हलवली नाही. सहाशे बारावी ओळ आली, थोरलीचं नाव आलं, त्यापुढं ‘बंद’ आलं, आणि ओळ वर निघून गेली. धाकटीनं मोठा श्वास सोडला. दहा वाजून चार मिनिटांनी सगळं संपलं.

“चूक एकही नाही. छान,” मागं उभे असलेले मिनिटसाहेब म्हणाले.

“छान म्हणू नका, सर,” धाकटी म्हणाली. ती असं कधी बोलत नसे. साहेबांनी चष्मा पुसला, आणि खरंच पुन्हा म्हटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “जा तुम्ही, खाली जाऊन या. पाहिजे तेवढी मिनिटं घ्या.”

खाली दाराजवळ गर्दी होती. लिफ्टमधला उंच माणूस हातात कुंडी घेऊन उभा होता आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. कुणी फोनवर घरच्यांना समजावत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. धाकटीला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. तिनं थोरलीला शोधलं. ती रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती, आणि तिच्यासमोर खुर्चीचा स्क्रू घट्ट करणारी ती मुलगी रडत होती.

“मला माझ्याबद्दल काय लिहावं हेच कळत नाही,” मुलगी म्हणत होती. “तीन वर्षं मी काय केलं ते मलाच सांगता येत नाही.”

“मला सांग, मी लिहिते,” थोरली म्हणाली. तिच्याकडे कंपनीचा लॅपटॉप नव्हता, दुकानदाराकडून मागून घेतलेले कागद होते. “सकाळी आलीस की पहिलं काय करायचीस? तिथून सांग. मोठे शब्द नकोत.”

धाकटीनं थोडा वेळ दुरून बघितलं. थोरलीची मान खाली होती, पेन चालत होतं, मधेच ती विचारायची, “म्हणजे नक्की काय?” आणि मुलगी डोळे पुसून पुन्हा सांगायची. दीड वर्षांत धाकटीनं तिला असं लिहिताना बघितलं नव्हतं. मुलगी कागद घेऊन उठली तेव्हा उंच माणूस कुंडी टेबलावर ठेवून समोर बसला. मग आणखी दोघं आले. दुकानदारानं न सांगता टेबल जोडून दिलं.

दोनच्या सुमाराला ती मोकळी झाली. दोघी फुटपाथवर आल्या.

“कसं वाटतंय ताई?” धाकटीनं विचारलं.

थोरलीनं विचार केला. ती कुठलंही उत्तर विचार केल्याशिवाय देत नसे. “चपला काढल्यासारखं,” ती म्हणाली. “फार वेळ चावत होत्या, आणि मला वाटत होतं माझाच पाय वाकडा आहे.” मग म्हणाली, “त्या मुलीचं वाईट वाटतं. माझ्याकडे जायला जागा आहे. तिच्याकडे नाही.”

“आणि मी तिचं खातं बंद केलं.”

“तू नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, असं म्हणायचं असतं ना आता मी? नाही म्हणणार. तुला टोचतंय ते बरं आहे. न टोचता करायला लागलीस की मला सांग, मी येऊन तुला घरी नेईन.”

घरी पोचल्यावर सासूबाईंना सांगायचं होतं. त्यासाठी पर्समधून यंत्र काढून कानात घालावं लागलं. थोरलीनं सगळं सांगितलं. नोकरी गेली, पण राजीनाम्याऐवजी कंपनीनंच काढलं, त्यामुळे पैसे मिळणार, विमा राहणार, गुडघा ठरल्याप्रमाणे होणार, नवी नोकरी एक तारखेला आहेच.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे तू सोडणारच होतीस,” त्या म्हणाल्या, “आणि त्यांनी तुला सोडण्याचे पैसे दिले.”

“हो आई.”

“मग ही धाकटी इतके दिवस तोंड पाडून का फिरत होती?”

धाकटी पाणी आणायला उठली. थोरलीच म्हणाली, “तिचं पोट बिघडलं होतं.”

शुक्रवारी धाकटी एकटीच बसनं गेली. कामावर पोचताच तिनं मिनिटसाहेबांना दोन मिनिटं मागितली आणि सांगून टाकलं, की असलं काम पुन्हा माझ्याकडे देऊ नका, द्यायचंच असेल तर मी लेखी नकार देईन आणि तो चांगल्या भाषेत लिहून घेईन, माझ्या ओळखीत लिहिणारं माणूस आहे. साहेबांनी ‘बघू’ म्हटलं. तीन महिन्यांनी त्यांनी तिला नव्या माणसांची खाती उघडणाऱ्या बाजूला घेतलं. तोवर सासूबाईंचा गुडघा झाला होता, आणि स्क्रू घट्ट करणारी ती मुलगी एका दवाखान्याच्या संगणक विभागात लागली होती. तिनं थोरलीला कळवलं, की मुलाखतीत त्यांनी तो कागद बघून विचारलं, हे इतकं सरळ कुणी लिहिलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी दुपारी धाकटीनं घरी फोन केला तेव्हा सासूबाईंनी उचलला, आज यंत्र कानात होतं.

“ताई काय करतायत?”

“झोपलीय. सकाळी नऊला उठली, जेवली, परत झोपली. उठवू का?”

“नको, नको,” धाकटी म्हणाली. “झोपू दे.” आणि फोन ठेवून ती खिडकीशी गेली, आणि उगाचच पाच मिनिटं खालचा रस्ता बघत उभी राहिली.